हिप्पोचे पाय कोणी मोडले?

भारतातून आई-बाबा आले की न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमची एक फेरी ठरलेलीच. इजिप्तच्या दालनात पोचलो की आपल्यापैकी कोणीतरी मुलांना हमखास सांगतं, "हे लोक प्राण्यांची पूजा करायचे." झालं, मंडळी पुढे सरकतात. कृपा करून हे वाक्य थांबवा. याच आळसाने उद्या वर्गात कोणीतरी तुमच्या मुलीला गणपतीबद्दल ऐकवेल, तेव्हा तुम्हीच चिडाल.

तो निळा हिप्पो आठवतो? 'विल्यम'. त्याच्या प्रतिकृती आपण हौसेने घरी आणतो. हा मेईरच्या सेन्बी नावाच्या माणसाच्या थडग्यातला, जवळजवळ ४००० वर्षांपूर्वीचा, जेमतेम २० सेंटिमीटर लांब. अंगावर कमळं, दिसायला गोंडस. पण नाईलमध्ये होड्या उलटवणारं हे जनावर लोकांचा थरकाप उडवायचं. त्याचे तीन पाय नंतर बसवलेले आहेत. मूळचे बहुधा मुद्दाम मोडले होते, थडग्यात त्याने मृताला इजा करू नये म्हणून. ज्याची पूजा करायची त्याचे पाय कोणी मोडतं का? पिरॅमिडच्या आतल्या लेखांतसुद्धा साप-सिंहांची काही चित्राक्षरं तुकडे करून कोरलेली आहेत. चित्र जिवंत होऊ शकतं, ही भीती खरी होती.

उलट, त्याच म्युझियममध्ये पर्नेबची अख्खी कबर आहे. १९१३ साली विकत घेऊन इथे उभारलेली. तिच्या भिंतींवर नोकर बदकं आणि मांस घेऊन येतात. ते मृताचं जेवण! आणि अनुबिस? वाळवंटाच्या कडेला कोल्हे थडगी उकरत, म्हणून कोल्ह्याच्याच रूपातल्या देवाला राखणदार नेमलं, असं अभ्यासक मानतात. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, त्याही विचारपूर्वक. शेणाचा गोळा ढकलणाऱ्या भुंग्यात त्यांना उगवता सूर्य दिसला. पिल्लं तोंडात सांभाळणाऱ्या तिलापिया माशात पुनर्जन्म दिसला. भीती, भूक, राखण, आशा, हे सगळं एका 'पूजा' शब्दात कसं कोंबणार?

"अहो, ते सगळं सिम्बॉलिक असतं," असं म्हणणारेही मला तितकेच खटकतात. त्यांना प्राणी दिसतच नाही, फक्त अर्थ दिसतो. नागपंचमीला भिंतीवर नाग काढून त्या दिवशी चिरणं-कापणं बंद ठेवणारी आपली आजी काही 'सिम्बॉल' काढत नव्हती. तिने शेतात खरा नाग पाहिला होता.

मीही धुतल्या तांदळाची नाही. बाबांच्या दहाव्याला घाटावर आम्ही तासभर कावळ्याची वाट पाहत होतो. इथे वाढलेल्या माझ्या मुलाने विचारलं, "कावळाच का?" मी म्हटलं, "जुनी समजूत आहे रे." पिंडाला कावळा शिवला तेव्हा मात्र माझेच डोळे भरून आले, आणि त्याने ते पाहिलं. त्याला खोटं उत्तर दिलं होतं मी.

पुढच्या खेपेला विल्यमपाशी दहा मिनिटं थांबा. मुलांना सांगू नका, विचारा: याचे पाय कोणी मोडले असतील? आणि मग घरी येताना गाडीत कावळ्याबद्दलही बोला.