पाकीट विकले जाईल, पत्राचे काय?

सातारा जिल्ह्यातील माझे एक जुने विद्यार्थी गेल्या महिन्यात आपल्या पणजोबांचे चामडी पाकीट घेऊन आले. जुन्या वस्तूंच्या एका संग्राहकाने ते विकत मागितले होते आणि ते खरोखर लढाईतले आहे काय, एवढेच त्यांना माझ्याकडून हवे होते. आत घडी केलेले एक मोडी पत्र होते. त्याची संग्राहकाने चौकशीही केली नव्हती.

पाकिटाची ओळख पटण्यास फार वेळ लागला नाही. झाकणाच्या आत शाईने ११० हा आकडा घातला आहे. ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री १९२२ च्या लष्करी पुनर्रचनेत आपला क्रमांक गमावून बसली. तेव्हा वस्तू त्याआधीची, पहिल्या महायुद्धातली असणार. पैशासाठी मात्र ती नसावी. शिपायाचा पगार महिना ११ रुपये आणि रुपया चांदीचा. चांदी महागल्यावर सरकारने एक रुपयाची नोट काढली ती १९१७ च्या नोव्हेंबरात. हे पाकीट कागद जपण्याचे.

पत्राने मात्र दोन दिवस घेतले. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहीत. गावातील एका जाणत्या गृहस्थांनी पूर्वी आरंभ ‘मुक्काम आमराई’ असा लावला होता आणि तेव्हापासून पणजोबांची छावणी कुठल्याशा आमराईत होती, अशी घरात समजूत! अक्षरे पुन्हा जुळविली तेव्हा ‘मुक्काम अमारा, ईश्वरकृपेकरून खुशाल’ असे निघाले. अमारा हे मेसोपोटेमियातील, तैग्रिसकाठचे गाव. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनने ते जून १९१५ मध्ये घेतले आणि ११० वी पलटण त्याच डिव्हिजनमध्ये होती. पत्रावरची मिती श्रावण, शके १८३७. म्हणजे त्याच वर्षीचा पावसाळा.

पत्रात दोन हात आहेत. वरचा मजकूर सराईत लेखकाचा, ठराविक नमस्कार-आशीर्वादांचा. शेवटच्या पाच ओळी कापऱ्या अक्षरांत शिपायाने स्वतः लिहिल्या आहेत; सावकाराची गोष्ट पलटणीतल्या लेखकाला सांगावीशी वाटली नसेल. विहिरीकडच्या शेताचे गहाणखत पुन्हा लिहून देऊ नये, बैल विकू नये, मनीऑर्डरचे पैसे व्याजात भरले तर पावती घेतल्यावाचून उठू नये. १८७५ च्या दंग्यांनंतर झालेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कुळाला पावती मागण्याचा हक्क दिला होता. तो एका शिपायाला तैग्रिसच्या काठावरही आठवत होता, हे मला कोणत्याही पदकापेक्षा मोलाचे वाटते. त्याच हिंदुस्थानच्या नावे १९१७ साली साम्राज्याच्या युद्धखर्चासाठी १० कोटी पौंडांची ‘देणगी’ दिली गेली. पावती कोणी कोणाकडे मागितली?

पुढे ही पलटण कूतच्या वेढ्यात अडकली व २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. पणजोबा परतले नाहीत. पाकीट एका सोबत्याने युद्धानंतर आणून दिले आणि आधी आलेले पत्र घरच्यांनी त्यात ठेवले. बसऱ्याचे स्मारक १९२९ साली उघडले गेले. ज्यांची थडगी सापडली नाहीत त्यांच्यासाठी ते आहे. त्यावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली. साध्या हिंदी शिपायांच्या पलटणीपुढे केवळ संख्या घातली. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने या भेदभावाची कबुली दिली ती २०२१ साली. साम्राज्याने ज्याची संख्या केली, त्याचे नाव या पत्राखाली त्याच्याच हाताने लिहिलेले आहे.

अशी पत्रे माळ्यावर, देव्हाऱ्यामागे, सावकारी चोपड्यांसोबत आजही पडून असतील. ती वाचणारी माणसे मात्र झपाट्याने कमी होत आहेत. मोडीचे वर्ग चालतात ते बहुधा दरबारी कागदांच्या ओढीने. आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी ही लिपी शिकावी आणि शेतकऱ्याच्या घरातल्या कागदांकडे वळावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. घड्या चिकटपट्टीने जोडू नयेत, कागद प्लॅस्टिकात बंद करू नये. आधी छायाचित्र घ्यावे आणि घरातल्या वृद्धांसमोर मोठ्याने वाचावे.

माझ्या विद्यार्थ्यांनी पत्राची बाळबोध प्रत सोबत नेली. विहिरीकडचे शेत पुढे सुटले की नाही, याचा शोध ते सातबाऱ्यावरून मागे जात घेणार आहेत. पाकिटाचे अजून ठरलेले नाही. संग्राहकाचा पुन्हा फोन येऊन गेला म्हणे.