चकती कोणी लावली?

डिझेलवर चालणाऱ्या जीपगाडीच्या इंजिनात ईजीआर नावाचा एक लहानसा व्हॉल्व्ह असतो. तो कायमचा बंद करून देण्याचा उद्योग गेली काही वर्षे गावोगावच्या गॅरेजांतून राजरोस चालू आहे. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याची चकती कापायची, व्हॉल्व्हच्या तोंडाशी गॅस्केट घालून ती बसवायची आणि बोल्ट आवळायचे, एवढेच ते काम. नव्या गाड्यांत इंजिनाचा संगणकही चकवावा लागतो. त्यासाठी लॅपटॉप घेऊन येणारे तंत्रज्ञ आहेत. सह्याद्रीच्या कड्याकपारींतून चारचाकी घुसवण्याचा षोक असलेले शहरी धनिक हे काम हौसेने करून घेतात, तर तालुक्याच्या रस्त्यावर वडाप हाकणारा चालक ते पोटासाठी करून घेतो. एका व्हॉल्व्हच्या भानगडीशी समाजवादी चळवळीला काय कर्तव्य, असे वाचकांपैकी काहींना वाटेल. पण खाजगी बचत आणि सार्वजनिक हानी यांची सांगड भांडवली व्यवस्था कशी घालते, हे इतक्या उघड्या स्वरूपात दाखवणारे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही.

या व्हॉल्व्हचे कार्य समजण्यास अवघड नाही. जळून बाहेर पडणाऱ्या वायूंपैकी काही भाग तो पुन्हा इंजिनात शिरणाऱ्या हवेत मिसळतो. त्यामुळे आतील प्राणवायूचे प्रमाण घटते, कार्बन डायऑक्साइड व वाफ उष्णता शोषून घेतात आणि ज्वलनाचे कमाल तापमान खाली येते. तापमान फार चढले की हवेतील नायट्रोजन आणि प्राणवायू यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. ती रोखणे हाच या खटाटोपाचा हेतू. हे वायू फुप्फुसांना थेट अपाय करतात, उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगतचा ओझोन बनतो आणि हवेत त्यांचे नायट्रेटच्या सूक्ष्म कणांत रूपांतर होते. नायट्रोजन डायऑक्साइडची भारतातील वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा १० आहे.

चकती बसवणाऱ्यांची बाजू मात्र नुसती झटकून टाकता येण्यासारखी नाही. परत फिरवलेल्या वायूंबरोबर काजळी येते, क्रँककेसमधून येणाऱ्या तेलाच्या वाफेशी ती मिसळते आणि हवा आत नेणाऱ्या नळीत डांबरासारखा चिकट थर साचतो. व्हॉल्व्ह अडकतो, गाडी खेचत नाही, काळा धूर ओकते. इंधनात गंधक जितके जास्त तितका या यंत्रणेला गंज लागण्याचा धोका अधिक. भारत स्टेज ३ च्या डिझेलात दशलक्ष भागांत ३५० भागांपर्यंत गंधकाला मुभा होती. स्टेज ४ मध्ये ती ५० वर आणि स्टेज ६ मध्ये १० वर आली. महाराष्ट्राच्या बऱ्याच ग्रामीण भागात एप्रिल २०१७ पर्यंत स्टेज ३ चेच डिझेल मिळत होते. व्हॉल्व्ह बंद केला की काजळी कमी होते, हेही खरे. जोर वाढतो हा दावा मात्र बव्हंशी भ्रामक आहे. पूर्ण दाब दिल्यावर इंजिनाचा संगणक हा व्हॉल्व्ह स्वतःच मिटून घेतो. ज्या गाडीत चकतीमुळे एकदम जोर आल्यासारखा वाटतो, त्या गाडीचा व्हॉल्व्ह मुळात उघडा अडकून पडलेला असतो. त्याला सफाई हवी असते. पण अधिकृत सेवाकेंद्रात सफाईऐवजी पुष्कळदा संपूर्ण जोड बदलण्याचा सल्ला मिळतो, आणि हप्त्यावर गाडी घेतलेल्या माणसाला ते हजारो रुपये आणि बुडालेले दोन दिवस परवडत नाहीत.

आता शासनाची दक्षता पाहावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ११५ अन्वये वाहनाला प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्र, म्हणजे पीयूसी, घ्यावे लागते. डिझेल गाडीच्या बाबतीत ही तपासणी काय करते? गाडी जागेवर उभी ठेवून एक्सलेटर दाबतात आणि बाहेर येणारा धूर किती गडद आहे ते मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडे या तपासणीत मोजलीच जात नाहीत. परिणाम असा की, चकती लावलेली गाडी कमी काजळी सोडत असल्यामुळे या परीक्षेत अधिक सहजपणे उत्तीर्ण होते. जो विषारी वायू रोखण्यासाठी व्हॉल्व्ह बसवला, तो वाढवणाऱ्याच्या हाती सरकारी शिक्क्याचा कागद पडतो. प्रवासी मोटारींना स्टेज ४ मध्ये किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम असलेली या वायूंची मर्यादा १ एप्रिल २०२० पासून स्टेज ६ मध्ये ०.०८ ग्रॅमवर आणली गेली, त्याचा मोठा गाजावाजा झाला. कारखान्याच्या दारातून बाहेर पडल्यानंतर ती गाडी पुढे काय सोडते, याची विचारपूस पीयूसी केंद्रात कोणीही करत नाही.

शिक्षेची तरतूद मात्र आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट केलेल्या कलम १८२-अ प्रमाणे वाहनात अवैध फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. तपासणीचे साधन नाही आणि शिक्षा आहे, अशा कायद्याचे रस्त्यावर काय होते ते सांगण्याची गरज नाही. वडापवाल्याच्या हप्त्यांच्या यादीत आणखी एका हप्त्याची भर पडते.

परंतु चकती केवळ गॅरेजात बसते, ही समजूत चुकीची आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण यंत्रणेने १२ जानेवारी २०१७ रोजी फियाट क्रायस्लर कंपनीला नोटीस दिली. २०१४ ते २०१६ या वर्षांच्या जीप ग्रँड चेरोकी आणि रॅम १५०० या सुमारे १ लाख ४ हजार डिझेल गाड्यांच्या संगणकात कंपनीने शासनापासून लपवलेल्या काही सूचना भरल्या होत्या. महामार्गाच्या वेगाला ईजीआर संपूर्ण बंद करणे, ही त्यांतलीच एक! खेड्यातला मेकॅनिक पत्र्याने जे करतो, तेच या बड्या कंपनीने संगणकाच्या आज्ञावलीने केले, तेही गिऱ्हाइकाला पत्ता लागू न देता. जानेवारी २०१९ मध्ये सुमारे ८० कोटी डॉलरची तडजोड झाली आणि २०२२ मध्ये कंपनीच्या अमेरिकी शाखेने फौजदारी गुन्हा कबूल करून आणखी सुमारे ३० कोटी डॉलर भरले. त्याआधी सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचे बिंग फुटले होते. जगभरातील १ कोटी १० लाख गाड्यांत फसवणुकीची आज्ञावली निघाली. रस्त्यावर काही गाड्या मर्यादेच्या ४० पटींपर्यंत हे वायू सोडत होत्या. भारतात ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा झाली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची कारवाई थोपवली. तळेगाव आणि हलोल येथे कारखाने असलेल्या जनरल मोटर्सने २०१३ मध्ये १ लाख १४ हजार टवेरा गाड्या परत बोलावल्या, त्याही प्रदूषण चाचण्यांतील लबाडी उघडकीस आल्यामुळेच. वडाप आणि टॅक्सी म्हणून याच टवेरा ग्रामीण महाराष्ट्रात धावत होत्या, हे विशेष.

कार्ल विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चांवर ग्रंथ लिहिला. पिगूसारख्या आधीच्या पंडितांनी असे खर्च बाजाराच्या किरकोळ चुका म्हणून मांडले होते, कर लावला की दुरुस्त होणाऱ्या. कापचे म्हणणे वेगळे होते. उत्पादनाच्या खर्चाचा काही भाग इतरांच्या माथी मारणे हा खाजगी नफ्याच्या व्यवस्थेचा अपघात नसून तिची रीत आहे, असे त्याने दाखवले. ईजीआरची कथा या मांडणीत चपखल बसते. कंपनी कमी खर्चात नियम पाळल्याचे दाखवते आणि देखभालीचा भार मालकावर ढकलते. मालक तो भार चकती लावून हवेवर ढकलतो. हवेकडून तो शेवटी येतो बसथांब्यावर उभ्या असलेल्या बाईच्या, हमरस्त्याकडेच्या झोपडीतील पोराच्या आणि दिवसभर चालू इंजिनाजवळ वाकून काम करणाऱ्या त्याच मेकॅनिकच्या छातीत. त्याच्यापाशी पुढे ढकलायला काहीच उरलेले नसते.

चळवळीतील काही सहकारी अशा प्रश्नांना मध्यमवर्गीय चोचले म्हणून उडवून लावतात. उलट टोकाला काही पर्यावरणवादी मंडळी वडापवाल्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून मोकळी होतात. २०२१-२२ च्या एसटी संपाच्या महिन्यांत खेड्यांतला माणूस दवाखान्यात आणि बाजाराला कशाने पोहोचला, याचा या मंडळींना विसर पडलेला दिसतो. सार्वजनिक वाहतूक खंगू द्यायची, तिची जागा भरून काढणाऱ्या गरिबाला कर्जात लोटायचे आणि मग त्याच्याकडून शुद्ध हवेची अपेक्षा करायची, हा न्याय नव्हे. हौसेखातर चकती लावणाऱ्या धनिकाला मात्र ही सबब लागू पडत नाही. रानात कोणाला त्रास होतो, असे तो विचारतो. पण रविवारी संध्याकाळी त्याची गाडी पुण्याच्याच रस्त्यांवर परतते.

पक्षाने मागण्या करायच्या त्या नेमक्या कराव्यात. पीयूसीच्या तपासणीत नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे मापन आणि ईजीआर जागेवर व चालू आहे की नाही याची पाहणी समाविष्ट झाली पाहिजे. स्टेज ६ च्या मान्यतेसाठी कंपनीला प्रदूषण नियंत्रण यंत्रणा १,६०,००० किलोमीटर टिकते असे दाखवावे लागते. तेवढ्याच अंतराची विनामूल्य हमी मालकाला मिळाली पाहिजे. कागदावर टिकणारी यंत्रणा रस्त्यावर का टिकू नये? या सुट्या भागांच्या किमती आणि संगणकीय तपासणीची माहिती कंपन्यांनी छोट्या गॅरेजांना खुली करावी. पर्यावरणाला हानी पोहोचवणारी वाहने परत बोलावण्याचा अधिकार कलम ११०-अ ने केंद्र सरकारला दिलेला आहे. ज्या गाड्यांचे व्हॉल्व्ह सातत्याने अकाली निकामी होतात, त्यांच्या बाबतीत तो वापरावा, यासाठी चालक-मालक संघटनांनी तक्रारी तारीखवार नोंदवून ठेवणे अगत्याचे आहे.

दरम्यान जिल्हा समित्यांना एक काम आजही करता येईल. प्रचारासाठी आणि मोर्चांसाठी ज्या जीपगाड्या भाड्याने घेतल्या जातात, त्यांच्या मालकांना ईजीआरची स्थिती विचारावी. चकती आढळल्यास ती काढून व्हॉल्व्ह साफ करून घ्यावा, आणि त्याचे बिल मालकाच्या भाड्यातून न कापता समितीच्या वाहतूक खर्चात धरावे.