सही झाली, कायदा राहिला

मे २०१० मधील लागोपाठच्या दोन दिवसांची नोंद संसदीय इतिहासात एकत्र व्हायला हवी. ५ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात निकाल देताना, आरोपीच्या संमतीविना नार्को, लाय डिटेक्टर आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या घेणे घटनाबाह्य ठरविले. दुसऱ्याच दिवशी, ६ मे रोजी, लोकसभेने छळ प्रतिबंधक विधेयक संमत केले. न्यायपालिका आणि कायदेमंडळ एकाच दिशेने चालू लागल्याचा भास त्या सप्ताहात निर्माण झाला खरा. पण तो भासच ठरला. न्यायालयाचा निकाल आजही लागू आहे. विधेयक मात्र राज्यसभेत अडकले आणि २०१४ मध्ये पंधराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले.

वस्तुतः हे विधेयकही उशिराच आले होते. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी, म्हणजे इंद्रकुमार गुजराल पंतप्रधान असताना, स्वाक्षरी केली. देशांतर्गत कायदा करून कराराचे अनुसमर्थन करणे, ही पुढची पायरी होती. ती गाठायला विधेयकाच्या रूपाने तेरा वर्षे लागली आणि विधेयक आले तेही अगदी कृश अवस्थेत. गंभीर दुखापत झाली किंवा जीव, अवयव वा आरोग्य धोक्यात आले तरच छळ मानायचा, तक्रार सहा महिन्यांत करायची, शिवाय खटल्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी घ्यायची, असा तो मसुदा होता. कोठडीतून बाहेर पडलेला माणूस ज्या पोलीस ठाण्याला घाबरतो त्याच्याविरुद्ध सहा महिन्यांत उभा राहील, ही अपेक्षा मसुदा लिहिणाऱ्यांनी कोठून आणली असेल, देव जाणे. राज्यसभेने विधेयक प्रवर समितीकडे पाठविले. अश्वनी कुमार यांच्या अध्यक्षतेखालील त्या समितीने डिसेंबर २०१० मध्ये अहवाल देऊन बरीच दुरुस्ती सुचविली.

येथून पुढची कथा दिल्लीच्या राजकारणाचा स्वभाव सांगणारी आहे. ऑक्टोबर २०१२ ते मे २०१३ या काळात हेच अश्वनी कुमार देशाचे कायदामंत्री होते. ज्या विधेयकाची त्यांनी डागडुजी केली ते तेव्हाही राज्यसभेत पडून होते. ते पुढे सरकले नाही. सत्ता गेल्यानंतर त्यांनीच सर्वोच्च न्यायालयात याचिका करून छळविरोधी कायद्याची मागणी केली. दरम्यान विधी आयोगाने ऑक्टोबर २०१७ मध्ये २७३वा अहवाल देऊन विधेयकाचा नवा मसुदाच सरकारच्या हाती ठेवला. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली; कायदा करा असा आदेश संसदेला देता येणार नाही, ही त्यामागची भूमिका. ती घटनात्मकदृष्ट्या योग्यच होती. चेंडू पुन्हा संसदेच्या अंगणात आला आणि तेथेच राहिला.

याचा दोष एकट्या पक्षाच्या माथी मारता येत नाही. पोलिसांपुढील कबुलीजबाब ग्राह्य धरणारा ‘टाडा’ काँग्रेसच्या राजवटीत १९८७ मध्ये आला. ‘पोटा’ २००२ मध्ये वाजपेयी सरकारने संयुक्त अधिवेशन बोलावून संमत करून घेतला. कोठडीतील अत्याचारांची चीड बहुधा विरोधी बाकांवर बसल्यावरच येते.

कठोर चौकशीच्या समर्थनार्थ नेहमी एकच युक्तिवाद पुढे केला जातो. कोठे तरी बॉम्ब ठेवलेला आहे, वेळ थोडा आहे, संशयित हाती आहे. अशा वेळी त्याच्या हक्कांचा विचार करायचा की निरपराधांच्या प्राणांचा? प्रश्न बिनतोड वाटतो. परंतु पोलीस कोठडीत ज्यांना मार खावा लागतो त्यांतील बहुतेकांचा बॉम्बशी काही संबंध नसतो. चोरीचा माल काढून द्या, एवढ्यासाठीच पट्टा निघतो. आणि मारातून निघालेला जबाब खरा असतो, याची हमी ब्रिटिशांनाही वाटली नव्हती. मद्रास इलाख्यातील छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८५५चा. त्यानंतर सहा वर्षांनी फौजदारी प्रक्रिया संहितेत, आणि पुढे १८७२च्या पुरावा कायद्यात, पोलिसांपुढील कबुलीजबाब अग्राह्य ठरला. परकीय सत्तेने आपल्याच पोलिसांवर दाखविलेला हा अविश्वास स्वतंत्र भारताने २०२३च्या साक्ष अधिनियमातही कायम ठेवला आहे.

अपवाद केला तेथे काय झाले, हे मुंबईला विचारावे. महाराष्ट्राचा १९९९चा ‘मोक्का’ (दिल्लीतही तो २००२ पासून लागू आहे) पोलीस अधीक्षक वा उपायुक्तापुढील कबुली ग्राह्य धरतो. ११ जुलै २००६च्या लोकल स्फोटांच्या खटल्यात अशाच कबुल्यांचा आधार होता. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्व बारा जणांना निर्दोष ठरविले. कबुलीजबाब नाकारताना त्यांतील मजकुराचे विलक्षण साम्य आणि छळाच्या तक्रारी, दोन्ही न्यायालयाने विचारात घेतल्या. हा निकाल अन्य खटल्यांत दाखला मानू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांनी सांगितले. अंतिम निवाडा काहीही होवो. स्फोटांत आप्त गमावलेल्यांना एकोणीस वर्षांनंतरही गुन्हेगार कोण, याचे निर्विवाद उत्तर मिळालेले नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये तीन नवे फौजदारी कायदे आले तेव्हा ही उणीव भरून काढण्याची संधी होती. कबुली मिळविण्यासाठी दुखापत करणे हा जुना गुन्हा नव्या संहितेत तसाच उतरला. छळाची स्वतंत्र व्याख्या आली नाही. उलट, पंधरा दिवसांची पोलीस कोठडी आता सलग न घेता पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी घेता येते. जामिनाच्या आशेवर असलेला आरोपी पुन्हा त्याच ठाण्यात येऊ शकतो, याचा अर्थ पोलिसांना समजावून सांगण्याची गरज नाही. या तरतुदीची सभागृहात चिरफाड व्हायला हवी होती. परंतु शंभराहून अधिक विरोधी सदस्य त्या दिवसांत निलंबित होते.

मानवी हक्कांची भाषा ज्यांना परकी वाटते त्यांनी निदान प्रत्यार्पणाच्या फायली चाळाव्यात. पुरुलिया शस्त्रवर्षावातील आरोपी किम डेव्ही याला भारताच्या हवाली करण्यास डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११ मध्ये नकार दिला, तो छळाच्या शक्यतेमुळे. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील न्यायालयाने भारताची नवी आश्वासने पाहूनही तोच निष्कर्ष काढला. फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने संजय भंडारी यांचे प्रत्यार्पण अडविताना तिहार तुरुंगात खंडणी आणि हिंसेचा खरा धोका असल्याचे म्हटले. विधी आयोगाने २०१७च्या अहवालात नेमक्या याच अडचणीकडे बोट दाखविले होते. परदेशी न्यायालयापुढे आजही भारतीय वकिलांना प्रत्येक आरोपीगणिक वेगळे हमीपत्र घेऊन उभे राहावे लागते.