कोण्या गावचे मेश्राम? आडनावात जात शोधणाऱ्यांसाठी थोडा भूगोल

नागपुरात भाड्याची खोली बघायला गेलेल्या आपल्या पोराला पहिला प्रश्न ‘किती जण राहणार’ असा येत नाही. ‘नाव काय?’ असा येतो. पोरगा म्हणतो, राहुल. घरमालक थांबतो आणि म्हणतो, ‘पुढे?’ या ‘पुढे’ची किती उत्तरे आपल्या तरुणांनी शोधून ठेवली आहेत! कुणी वडिलांचे नाव सांगून मोकळा होतो. कुणी फेसबुकवर ‘गौतम’, ‘बौद्ध’, ‘भारतीय’ असे लावतो. कुणी राजपत्रात जाहिरात देऊन आडनावच बदलून घेतो. दुसरीकडे ‘आडनाव बदलणारा तो भगोडा’ अशा पोस्टही फिरतात. गेले काही महिने आमच्या अभ्यासवर्गात हाच वाद सुरू आहे. दोन्ही बाजूंचा आवाज मोठा आहे, पण आडनाव आले कुठून, हे विचारायची तसदी कुणी घेत नाही.

म्हणून आम्ही एकच आडनाव घेतो. मेश्राम.

इंदोरा, पाचपावली, लष्करीबागेत हे आडनाव इतके ओळखीचे की ते दुर्मिळ आहे असे म्हटले तर लोक हसतील. पण कोल्हापूर, सातारा, रत्नागिरीकडच्या बौद्ध वस्त्यांत विचारून बघा. तिथे कांबळे, गायकवाड, जाधव, सकपाळ, साळवे भेटतील. मेश्राम भेटलाच तर तो नोकरीसाठी विदर्भातून गेलेला असतो. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पाच जिल्ह्यांत मेश्राम दाट आहेत, यवतमाळात आहेत, अकोला-बुलडाण्याकडे गेलो की विरळ होत जातात. (कवी-कादंबरीकार केशव मेश्राम अकोल्याचे, हे आम्हाला ठाऊक आहे. विरळ म्हणजे नाहीतच असे नव्हे.) मात्र पूर्वेला आणि उत्तरेला राज्याची सीमा ओलांडली तरी ते संपत नाहीत. बालाघाट, शिवनी, छिंदवाड्यात आहेत, राजनांदगाव आणि दुर्ग-भिलाईत आहेत. दक्षिणेला तेलंगणातल्या आदिलाबादेतही आहेत, फक्त तिथे उच्चार ‘मेसराम’ असा होतो. हा काही १९६० साली झालेल्या महाराष्ट्राचा नकाशा नव्हे. हा जुन्या मध्य प्रांताचा, त्याच्याही आधीच्या गोंडवनाचा नकाशा आहे. राज्यांच्या सीमा नंतर आल्या आणि आडनावाच्या मधून गेल्या.

इंग्लंडमध्ये १८८१ च्या जनगणनेच्या नोंदींवरून प्रत्येक आडनावाचे नकाशे तयार झाले आहेत. एखादे दुर्मिळ आडनाव एकाच परगण्यात गोळा झालेले दिसते आणि घराणे कुठून निघाले याचा माग लागतो. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तीची नोंद गोपनीय आहे, ती कुणाला पाहता येत नाही. आणि ते बरेच आहे, आपल्या देशात अशा यादीचा पहिला वापर कोण कशासाठी करील हे सांगायला नको. पण मतदार याद्या खुल्या आहेत, शाळांची रजिस्टरे आहेत, आणि आपल्या म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती आहे. लग्नघरात पंगतीला बसलेला म्हातारा अजून विचारतो, ‘तुम्ही कोण्या गावचे मेश्राम जी?’ घरमालकाचा ‘पुढे?’ आणि या म्हाताऱ्याचा ‘कोण्या गावचे?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला जात हवी असते. दुसऱ्याला गाव हवे असते.

आता मुद्द्याची गोष्ट. मेश्राम हे आडनाव एकट्या बौद्धांचे नाही, गोंड समाजातही ते आहे. आदिलाबाद जिल्ह्यात केसलापूरला दरवर्षी पौष अमावस्येला नागोबाची मोठी यात्रा भरते. या पूजेचा मान गोंडांच्या मेसराम घराण्याचा. ते लोक पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात, त्याने पूजा होते आणि घराण्यात नव्याने आलेल्या सुनांची तिथे देवाला ओळख करून दिली जाते. यवतमाळ-किनवटकडे ‘मसराम’ आहेत, तेही गोंड. जरा कान देऊन ऐका: आत्राम, टेकाम, मरकाम, नेताम, मसराम, मेश्राम. एकाच घडणीचे शब्द आहेत हे कळायला भाषाशास्त्राची पदवी लागत नाही. आपल्यातली इतर आडनावे शेजारी ठेवा: गजभिये, खोब्रागडे, रामटेके, वासनिक, गणवीर. त्यांचा घाट वेगळा. रामटेके तर सरळ रामटेकवरून. म्हणजे ‘मेश्राम’ या शब्दाचे माहेर गोंड कुळांत आहे, असे मानायला चांगली जागा आहे.

मग आपल्यात ते कसे आले? इथे आमचे काही मित्र लगेच उडी मारतात: आपण नागवंशी, गोंडही नागोबाचे, म्हणजे रक्त एकच! बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात नाग लोकांचा उल्लेख केला, तो दीक्षेसाठी हे शहर का निवडले हे सांगताना. संघाचे मुख्यालय इथे आहे म्हणून आपण नागपूर निवडले, हा समज त्यांना खोडायचा होता. त्या भाषणातून एका आडनावाची वंशावळ काढणे म्हणजे बाबासाहेबांच्या तोंडी आपले शब्द घालणे आहे. आडनाव एक असल्याने रक्त एक ठरत नाही.

आमचा तर्क साधा आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या आपल्या समाजात जाधव, मोरे, शिंदे, गायकवाड ही आडनावे आहेत, तीच मराठ्यांत आहेत. तिथे सत्ता ज्यांची, त्यांची कुळनावे गावगाड्यात सगळीकडे पसरलेली दिसतात. इकडे देवगड आणि चांद्याला गोंड राजे होते. नागपूर शहराची स्थापनाच १७०२ च्या सुमारास देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने केली असे मानतात. भोसले नंतर आले. ज्या मुलखात पिढ्यानपिढ्या गोंड राजे, गोंड जमीनदार आणि गोंड शेजारी, तिथल्या महारांच्या घरात गोंडी घडणीचे कुळनाव आले तर नवल ते काय? पश्चिमेला मराठा कुळनावे, इथे गोंड कुळनावे. रीत तीच, मुलूख वेगळा.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. आडनाव जात सांगते हा समज या भागात सपशेल खोटा पडतो. मेश्राम बौद्ध आहेत, गोंड आहेत. शेंडे, डोंगरे, बोरकर, वानखेडे ही आडनावे किती समाजांत आहेत ते मोजा. आडनाव खात्रीने सांगते ते मुलूख. तरीही ‘पुढे?’ विचारणारा त्यातून जात काढतोच, आणि निम्म्या वेळा चुकीची काढतो. चुकीची काढली तरी खोली नाकारायला ती त्याला पुरते.

आडनाव कागदावर कधी आले, हे पाहायचे असेल तर जात पडताळणीची फाइल तयार करताना बघा. आमच्याकडे अशी कामे घेऊन तरुण नेहमी येतात. अनुसूचित जातीच्या दाव्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबा-पणजोबापर्यंत जावे लागते. विदर्भात त्यासाठी ‘कोतवाल बुक’ शोधतात, गावातल्या जन्ममृत्यूची नोंदवही. मध्य प्रांतात कोतवाल अनेक गावांत आपल्याच समाजाचा असायचा. गावात कोण जन्मले, कोण मेले, ही वर्दी घेऊन तोच पोलीस ठाण्याला पायपीट करायचा. आणि त्या वहीत नोंद कशी असते? अमक्या वल्द तमक्या, जात महार, मुलगा झाला. संपले. कितीतरी पानांवर आपल्या माणसाला बाप आहे, गाव आहे, जात आहे, आडनाव मात्र नाही. जात लिहायला कारकून कधी विसरला नाही, आडनावाची त्याला गरजच वाटली नाही. ते घरात होते, सोयरिकीत होते, भाऊबंदकीत होते. कागदावर ते नेमाने यायला लागले ते शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आणि गिरणीच्या हजेरीपटावर. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. घरी जाडेभरडे विणणारी आपली माणसे पुढे अशा गिरण्यांच्या खात्यांत गेली. हजेरीपटावर दहा सोमा आणि वीस गोमा. कोणता सोमा हे सांगायला आडनाव लागलेच.

म्हणजे आडनाव ही आपल्या कपाळावर मनुवाद्यांनी मारलेली खूण आहे, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. खूण मारली होती ती पहिल्या नावावर. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचे नाव तिरस्कार वाटेल असे ठेवावे, असा नियमच आहे. कचऱ्या, धोंड्या, दगड्या, उकंड्या ही नावे आपल्या पणजोबांच्या पिढीत भरलेली होती. त्यावर खरा घाव घातला तो १९५६ च्या धम्मदीक्षेने. त्यानंतरच्या पिढीची नावे बघा: सिद्धार्थ, राहुल, अशोक, आनंद, सुजाता, प्रज्ञा, संघमित्रा. ही केवढी क्रांती होती, आणि ती कुठल्याही राजपत्राविना झाली. त्याच लोकांनी आडनावाला हात लावला नाही. त्यांना अक्कल नव्हती म्हणून नव्हे. त्यांना ते हीन वाटले नाही.

बाबासाहेबांचेच आडनाव घ्या. घराणे सकपाळांचे, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातले आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झालेल्या मुलाचे नाव भिवा रामजी आंबेडकर. हे रूप शिक्षकाने दिले की गावावरून घरच्यांनी लावले, यावर आपल्याकडे हिरिरीने भांडणे होतात. त्यात आम्हाला फार रस नाही. गावाला ‘कर’ जोडून आडनाव करणे ही कोकणातली सगळ्या जातींची रीत आहे, कुणा एकाची देणगी नव्हे. आज ते आडनाव जगभर पोचले आणि त्याच्या पोटात आंबडवे हे छोटेसे गावही पोचले.

आडनाव टाकण्याच्या चळवळी इतरत्र झाल्या, त्यांचा आदर आहे. पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीने १९२९ च्या चेंगलपट्टू परिषदेत जातिदर्शक उपाधी टाकण्याचा ठराव केला, आणि पेरियारांनी स्वतः ‘नायकर’ टाकले. पण तिथे उपाधी म्हणजेच जात होती आणि ती टाकण्यात वरच्याचा तोरा उतरत होता. अमेरिकेत माल्कम एक्सने ‘लिटल’ टाकले, कारण असली आडनावे गुलामांच्या मालकांकडून आलेली होती. आपले मेश्राम, रामटेके, खोब्रागडे कुणा मालकाने दिलेले नाहीत. ते टाकून आपण नेमके कुणाला हरवणार? घरमालक तर शाळेच्या दाखल्यावरून, भिंतीवरच्या फोटोवरून, चौदा एप्रिलला लावलेल्या स्टेटसवरूनही ओळखतोच.

आणि व्यवहाराची बाजू आहेच. बापाच्या कागदावर मेश्राम, मुलाच्या कागदावर गौतम, आजोबाच्या रजिस्टरात ‘मेसराम’, अशी फाइल घेऊन एका जिल्ह्यात आमच्या ओळखीचा मुलगा कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतो आहे. राजपत्र, शपथपत्र, वंशावळ सगळे दिले तरी दर वेळी नवी त्रुटी निघते. प्रवेशाची तारीख त्याच्यासाठी थांबत नाही.

आता एक कडू गोष्ट. आडनाव सारखे आहे म्हणून अनुसूचित जमातीचा दाखला मिळवायचा, असा उद्योग करणारे सगळ्या समाजांत आहेत. आपल्यातला कुणी मेश्राम तसे करील तर ती आदिवासी पोराच्या ताटातली भाकर चोरणे आहे, आणि ते आपण उघड बोलले पाहिजे. उलट बाजूने, सारख्या आडनावामुळे खरा आदिवासीही संशयात अडकतो. ठाकूर जमातीच्या प्रकरणात २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की चालीरीतींशी मेळ पाहणारी आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नव्हे. नागोबाच्या यात्रेला जाणारा मेसराम आणि दीक्षाभूमीवर येणारा मेश्राम यांनी एकमेकांना भाऊबंद म्हणावे की नाही, ते त्यांनी ठरवावे. एकमेकांचा हक्क खाऊ नये एवढे तर ठरलेलेच आहे.

हे सगळे आत्ता लिहायचे कारण जनगणना. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने जातींची नोंद घेण्याचा निर्णय केला, आणि गणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. प्रगणक दारात येईल, पाटीवर ‘मेश्राम’ वाचेल आणि पुढचे रकाने आपल्या अंदाजाने भरायला लागेल. गोंडाच्या घरात तो आपल्याला लिहील, आपल्या घरात हिंदू लिहील. त्याला अंदाज करू देऊ नका. धर्म बौद्ध, हे स्वतः सांगा आणि लिहिले का ते बघा. जातीच्या रकान्यात प्रमाणपत्रावर जे आहे ते सांगा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध असूनही अनुसूचित जातीत राहण्याचा हक्क आपल्याला आहे, तेव्हा दोन्ही लिहायला घाबरण्याचे कारण नाही.

तोपर्यंत एक काम आपल्या हातात आहे. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. मूळ गाव, तालुका, नागपुरात कोण पहिल्यांदा आले, कोणत्या गिरणीत किंवा रेल्वेत लागले, पहिला शिकलेला कोणत्या शाळेत होता, आडनाव तेव्हा कसे लिहीत, हे उतरवून घ्या. आजीचे माहेरचे आडनाव आणि गावही विचारा, ते वंशावळीत कुणी लिहीत नाही. मग तहसीलमध्ये जाऊन कोतवाल बुकाच्या नकलेसाठी अर्ज करा. ती पाने आता हात लावला की तुटतात, तेव्हा सुरुवात तिथूनच केलेली बरी.