मुहूर्तमेढ हवेची असली तरी

लग्नघरात मांडव पडण्याआधी मुहूर्तमेढ रोवतात. एक खांब, त्याला आंब्याचा डहाळा, हळदकुंकू, आणि मग पुढची कामं. छप्पर चार दिवसांचं असलं, तरी त्याची सुरुवात जमिनीत काहीतरी घट्ट रोवूनच करायची, ही आपली जुनी रीत. आता खांबच नसलेला मांडव बाजारात आला आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. तेव्हापासून गिरगाव-दादरच्या घरांतही चाकांवरच्या घराच्या गोष्टी निघतात, आणि त्यांच्या ओघात गाडीच्या कुशीला जोडायच्या हवेच्या मांडवाची चौकशी होते. नळ्यांत पंपानं हवा भरली की काही मिनिटांत ओसरी उभी राहते.

ही सोय चांगलीच आहे. पण ती निवडताना आपण परदेशी जाहिरातींकडे पाहतो आणि आपल्या शहराचा अनुभव विसरतो. तात्पुरतं छप्पर कसं निवडावं, हे मुंबईइतकं फार थोड्या शहरांना ठाऊक असेल.

१८३०च्या दशकात मुंबईत राहिलेल्या मेरियन पोस्टन्स या इंग्रज बाईंनी एस्प्लनेडवरच्या, म्हणजे किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या मैदानावरच्या, हंगामी बंगल्यांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. उन्हाळ्यात युरोपीय मंडळी तिथे बांबूची घरं उभारून राहत आणि आतून डोंगरी कापड ताणून लावत. पाऊस तोंडावर आला की सगळं उतरवून, बांधून, आत ठेवून देत. ज्या जाड्याभरड्या कापडाची शिडं आणि तंबू होत, त्याचं ‘डंगरी’ हे नाव आपल्या डोंगरीवरूनच जगभर गेलं असं मानतात. त्या घरांचं कौतुक बांबूपुरतं किंवा कापडापुरतं नव्हतं. ती केव्हा उतरवायची हे उभारतानाच ठरलेलं असे, आणि त्यातच खरं शहाणपण होतं.

पुढे गिरण्यांच्या मुंबईनं याहून अवघड काम अंगावर घेतलं. गोरा साहेब पावसाला भिऊन मैदान सोडत होता, आणि आपला सगळ्यात मोठा मांडव तर ऐन भाद्रपदात पडतो. गिरगावात केशवजी नाईक चाळीचा गणेशोत्सव १८९३ मध्ये सुरू झाला. चिंचपोकळीचा १९२०, लालबागच्या गणेश गल्लीचा १९२८ आणि ‘लालबागचा राजा’ १९३४ मध्ये. चाळीच्या अंगणातला उत्सव रस्त्यावर आला, मूर्ती उंच झाल्या, गर्दी वाढली, आणि भर पावसात माणसांवर छप्पर धरायची विद्या या गल्ल्यांना शिकावी लागली. झापांच्या जागी कापड आलं, कापडावर ताडपत्री चढली, आणि तिच्या जोडीला लोखंडी सांगाडे व पत्रे आले. ताडपत्री प्लास्टिकची झाली, तरी नाव ताडाच्या पानाचंच राहिलं.

ही विद्या कुठल्या पुस्तकात नाही, ती मांडववाल्यांच्या हातात आहे. श्रावणात लालबागच्या एखाद्या गल्लीत घटकाभर उभं राहून पाहावं. बांबूवर चढलेला गडी काथ्याचे वेढे घेतो, पायानं रेटा देऊन गाठ आवळतो आणि बांबू हलवून पाहतो. हलला तर गाठ सोडून पुन्हा बांधतो. पावसाची सर येऊन गेली की खालचा माणूस आधी वर बघतो. ताडपत्रीला कुठे पोट सुटलं आहे का? सुटलं असेल तर लांब काठीनं ते खालून उचलून पाणी कडेला ढकलतो. त्याच्या नजरेमागचा हिशेब साधा आहे. एक चौरस मीटर जागेत दहा सेंटीमीटर पाणी साठलं, तर छपरावर १०० किलो भार येतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. अशा शहरात छपराचा उतार शोभेसाठी नसतो.

हवेचं छप्परही आता तसं नवं राहिलेलं नाही. १९७०च्या ओसाका प्रदर्शनात युताका मुराता यांनी फुजी समूहासाठी हवेनं भरलेल्या १६ कमानींचं दालन उभारलं. प्रत्येक नळी चार मीटर जाडीची होती, आणि वादळ आलं तर नळ्यांतला दाब वाढवायची सोय आधीच करून ठेवली होती. आजचा कॅरव्हॅनचा मांडव हे त्याचंच लहान रूप. बाहेर पॉलिस्टरची खोळ, आत हवेची पिशवी आणि दाब साधारण सात ते नऊ पीएसआय. त्यात वाकायला लोखंडी नळी नाही, मोडायला सांधा नाही. वाऱ्याचा झोत आला की कमान लवते आणि परत उभी राहते. हा गुण मोठा आहे, पण हवा छपराला आकार देते, त्याला जमिनीला धरून ठेवत नाही. ते काम मेखांचं आणि ताणांचंच आहे. मुहूर्तमेढ हवेची झाली, तरी मेख लोखंडाचीच लागते.

वारा काय करतो हे मुंबईनं अलीकडेच दोनदा पाहिलं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ येणार हे कळताच महापालिकेनं बीकेसी, दहिसर आणि मुलुंडच्या जम्बो कोविड केंद्रांतून ५८० रुग्ण पक्क्या रुग्णालयांत हलवले. वादळात कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटर नोंदला गेला. ती केंद्रं तात्पुरती होती आणि ती तात्पुरती आहेत हे चालवणाऱ्यांच्या लक्षात होतं, म्हणून निर्णय वेळेवर झाला. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला जे घडलं ते याच्या उलट. ४० बाय ४० फुटांची मर्यादा असताना १२० बाय १२० फुटांचा फलक उभा होता, वादळात तो पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसं गेली. वाऱ्यासमोर फलक काय आणि कनात काय, दोन्ही शिडंच.

म्हणून हवेची ओसरी घेणाऱ्यानं किती मिनिटांत उभी राहते हे शेवटी विचारावं. आधी विचारावं की छपराला उतार किती आहे आणि पाणी कुठून पडेल. मेखा किती, ताण किती आणि कापडाला ते जिथे जोडले आहेत तिथली शिवण दुहेरी आहे का, हे हातानं ओढून पाहावं. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर साधी मेख शिरत नाही, तिथे वाळूच्या पिशव्या किंवा पाण्याचे कॅन बांधायला कड्या आहेत का? एक नळी फुटली तर बाकीच्या तग धरतात का, की सगळ्या एकाच हवेवर आहेत? भर दुपारी उन्हात आतली हवा फुगते, ती थोडी सोडायची व्यवस्था आहे का? कापड आग पकडतं का? १९९५ मध्ये हरियाणातल्या डबवालीला शाळेच्या समारंभात मांडव पेटला आणि चारशेहून अधिक माणसं, त्यांत मोठ्या संख्येनं मुलं, दगावली. त्यामुळे ओसरीत शेगडी नकोच. आणि घरी आल्यावर ती वाळवायला जागा आहे का? ओली घडी करून ठेवलेली ताडपत्री आठ दिवसांत बुरशी धरते, हे चाळीच्या सज्जाला पावसाळी पडदा बांधणाऱ्या कुणालाही विचारावं.

सरकार आणि महापालिकेकडेही एक मागणी आहे. २०२५ मध्ये मांडवासाठी रस्ता खणला तर दर खड्ड्यामागे दोन हजारांऐवजी १५,००० रुपये दंड घ्यायचं ठरलं, मंडळांनी विरोध केला, आणि दंड पुन्हा खाली आला. भांडण रुपयांवरच राहिलं. ज्या गल्लीत दरवर्षी त्याच जागी मांडव पडतो, तिथे काँक्रीट करतानाच खांबांसाठी झाकणाच्या पक्क्या खोबणी ठेवल्या, तर खड्डाही नको आणि दंडही नको. कॅरव्हॅनच्या तळांवरही तेच हवं. जमिनीत पक्क्या कड्या, पाण्याला वाट, आणि वाऱ्याचा इशारा आला की मांडव उतरवायला सांगणारा जबाबदार माणूस. आणि हे तळ आखताना दोन मांडववाले सल्ल्याला बसवावेत, कारण ही विद्या त्यांच्याकडे आहे.

अनंत चतुर्दशीला मूर्ती निघते, आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीत गाठी सुटू लागतात. काल ज्याच्याखाली हजारो माणसं उभी होती, ते छप्पर काही दिवसांत गोदामात घडी होऊन पडतं. आपली तात्पुरती छपरं टिकली ती अशी, वेळेवर उतरून. हवेची ओसरी घेऊन घाट उतरणाऱ्यानं ती उभारताना एकदा आकाशाकडे पाहावं, आणि वारा फिरला तर ती उतरवायला कमीपणा मानू नये.