गावात शिरलात की तीस

रस्त्यावर माणूस गेला की आपल्याकडे पुढे काय होतं, हे सगळ्यांना पाठ आहे. आधी रास्ता रोको, मग साहेबांचं आश्वासन आणि दोन-चार दिवसांत रातोरात उगवलेला गतिरोधक. तो कुणी टाकला, कुणाच्या परवानगीने टाकला, हे कुठल्याच कागदावर सापडत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचं माप केव्हाच ठरवून दिलं आहे: रुंदी 3.7 मीटर, उंची 10 सेंटिमीटर. असल्या गतिरोधकावरून 25च्या वेगातली गाडी अलगद वर चढून अलगद उतरते. आपला गतिरोधक हातभर रुंद आणि वीटभर उंच. पांढरे पट्टे नाहीत, अलीकडे फलक नाही. दिवसा मणके खिळखिळे होतात आणि रात्री दुचाकीवर मागे बसलेली बाई उडून पडते. मग तो काढा म्हणून अर्ज. काढला, की गाड्या पुन्हा सुसाट.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की मागणी बदला. ‘आमच्या वस्तीतून जाणाऱ्या रस्त्याची वेगमर्यादा 30 करा’, हे आधी मागा. गतिरोधक, झेब्रा पट्टे, रम्बलर हे त्या तीसच्या पोटात येऊ द्या.

तीसच का, हे पटवून घ्यायला तज्ज्ञ नको. शाळा सुटायच्या वेळी शाळेसमोरच्या रस्त्याच्या कडेला उभे राहा. फाटकापासून अठरा पावलं मोजा. ही झाली साधारण तेरा-साडेतेरा मीटर. समजा गाडी त्या अठराव्या पावलावर आहे आणि फाटकातून पोरगं धावत रस्त्यावर आलं. चालकाला ते दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, तोही चालक सावध असेल आणि हातात मोबाइल नसेल तर. तीसच्या वेगात त्या सेकंदात गाडी आठ मीटर पुढे येते. ब्रेक लागल्यावर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर आणखी पाचेक मीटर. म्हणजे ती पोराच्या पुढ्यात येऊन थांबते. चालक शिव्या घालतो, पोरगं रडतं, विषय संपला. आता तीच गाडी पन्नासने येऊ द्या. एका सेकंदात ती जवळजवळ चौदा मीटर जाते. पोरगं होतं ती जागा मागे पडली तरी चालकाचा पाय अजून ब्रेकवर टेकलेला नसतो. धडक पुऱ्या पन्नासच्या वेगात बसते. वेग तीसचा पन्नास झाला, की धडकेतला जोर पावणेतीन पट होतो. हा हिशेब नव्या टायरांचा आणि कोरड्या डांबराचा आहे. पाऊस किंवा कचखडी असेल, मागे उसाच्या दोन ट्रॉल्या असतील, तर आकडे आणखी वाईट.

पोरगं निदान पळतं तरी. सात मीटरचा रस्ता ओलांडायला आजीला सात-आठ सेकंद लागतात. साठने येणारी मोटार तेवढ्यात सव्वाशे मीटर कापते. आजीने बघितलं तेव्हा ती कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीपलीकडे होती, दिसतच नव्हती. आणि आपण म्हणतो, ‘म्हातारी मध्येच आली!’

‘एवढा वेळ कुणाला आहे?’ हा आक्षेप हमखास येतो, तेव्हा तोही मोजून टाकू. गावठाणातला रस्ता दोन किलोमीटर धरा. पन्नासने अडीच मिनिटांच्या आत पार होतो, तीसने चार मिनिटांत. फरक दीड मिनिटाचा, तोही वाटेत एसटी स्टँड, चौक, म्हैस यांपैकी काहीच आडवं आलं नाही तर. दुसरा आक्षेप असा, की बाजारपेठेत गाड्या विसानेसुद्धा जात नाहीत, मग मर्यादा कशाला? बाजाराच्या वेळी नकोच आहे. ती हवी पहाटे दूध घालायला निघालेल्यांसाठी, रात्री जेवून शतपावली करणाऱ्यांसाठी. रस्ता मोकळा दिसला की पाय आपोआप दाबला जातो.

तिसरी तक्रार मात्र खरी आहे. फलक झाडाआड आणि कॅमेरा पुलाच्या उतारावर, अशी मांडणी असेल तर लोक ई-चलनाला वसुलीच म्हणणार. कायद्यालाही मर्यादेचा फलक लागतो. तेव्हा तीस मागताना ठळक, रात्री चमकणारा फलकही मागा. नुसत्या फलकाने भागतं असंही नाही. चार पदरी सरळसोट रस्त्यावर तीसची पाटी लावली तर कुणी जुमानणार नाही. तिथे रस्त्याची रचनाच बदलावी लागते.

हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. ब्रिटनमधल्या वेल्सने 17 सप्टेंबर 2023 रोजी वस्तीतल्या रस्त्यांची सरसकट मर्यादा ताशी 30 मैलांवरून 20 मैलांवर, म्हणजे आपल्या 32 किलोमीटरवर आणली. एकतीस लाखांच्या त्या मुलखात विरोधाच्या निवेदनावर साडेचार लाखांहून जास्त सह्या झाल्या. सरकारला नमतं घ्यावं लागलं आणि काही रस्ते पुन्हा तीस मैलांवर न्यायची मुभा स्थानिक परिषदांना मिळाली. पण पहिल्या वर्षात 20 आणि 30 मैलांच्या रस्त्यांवर मेलेल्या-जखमी झालेल्यांची संख्या सुमारे चतुर्थांशाने घटली. माझ्या मते त्यांचं धोरण बरोबर होतं, घाई चुकली. कोणता रस्ता वस्तीचा आणि कोणता वाहतुकीचा, हे लोकांबरोबर बसून आधी ठरवायला हवं होतं. आपल्याला ते ग्रामसभेत आणि वॉर्डात करता येतं.

आपल्या देशातही हे नवीन नाही. केंद्राच्या 2018च्या अधिसूचनेत नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीला 70 आणि दुचाकीला 60 अशी कमाल मर्यादा होती. सत्तर! दिल्लीने 2021 मध्ये निवासी भागातल्या आतल्या रस्त्यांवर आणि बाजारपेठांत 30 केली, चेन्नईने 2023 मध्ये निवासी भागात तेच केलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 112 खाली राज्य सरकारला किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला अशी मर्यादा घालता येते. महाराष्ट्रात दर वर्षी 15 हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर मरतात. आपण कशाची वाट बघतोय?

अर्ज असा करा. रस्ता कुणाच्या ताब्यात आहे ते आधी काढा: नगरपालिका, जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम की महामार्ग प्राधिकरण. अर्ध्या चकरा चुकीच्या दारात जातात. शहरात असाल तर वाहतूक पोलिसांकडे जा. बाकी ठिकाणी ग्रामसभेचा किंवा नगरपालिकेचा ठराव जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे, कारण जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष तेच असतात. ‘वाहने भरधाव जातात’ असं मोघम लिहू नका. कुठून कुठपर्यंत तीस हवी, ते खुणेनिशी लिहा: पेट्रोल पंपापासून ओढ्याच्या पुलापर्यंत. मध्ये शाळा, दवाखाना, मंदिर, स्टँड काय काय येतं ते लिहा, लोक कुठे रस्ता ओलांडतात त्याचे फोटो लावा. झालेल्या अपघातांच्या तारखा पोलीस ठाण्यातून मिळवा.

मंजुरी येईपर्यंत महिने जातील. तोवर निदान आपल्या वेशीच्या आत तरी स्वतः तीसने चला. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. घरातल्या पोराला गाडीची चावी देताना हेच सांगा. आणि अर्ज दिलात, की आवक क्रमांक टाकलेली पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.