ट्राउट, मरळ आणि मी

माझा मेहुणा इंग्लंडात असतो आणि दर दोन-तीन वर्षांनी भारतात येतो. येताना तो प्रत्येकासाठी काही ना काही आणतो आणि ते हमखास भलत्याच माणसाच्या हातात पडते. मागच्या खेपेस सौ.च्या वाट्याला दाढीचा साबण आला आणि माझ्या वाट्याला एक जाडजूड पुस्तक. विषय : वसंत ऋतूत लहान ओढ्यांवर कृत्रिम माशी वापरून ट्राउट मासा कसा धरावा. आता मी बी.कॉम. आहे, एका बँकेत कारकून आहे आणि नागपूरहून बदली होऊन भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यात दिघोरी येथे आलेलो आहे. या तिन्ही गोष्टींचा ट्राउटशी काडीचाही संबंध नाही. पण बँकेतल्या लोकांना माश्या मारण्यापलीकडे काम नसते असा मेहुण्याचा पूर्वीपासून समज आहे. ‘माशीने मासा’ हे वाचून त्याला माझी आठवण झाली असेल तर मी त्याला दोष देत नाही.

दिघोरीच्या नावापुढे ‘मोठी’ लावतात. गाव मोठे, पण संध्याकाळ त्याहून मोठी. त्यामुळे पुस्तक वाचून झाले. दोनदा झाले. आणि खरं सांगतो, मी त्या पुस्तकाच्या प्रेमात पडलो. तिकडे म्हणे हिवाळा सरला की ओढ्याला बर्फाचे पाणी येते, पाणी दहा-पंधरा अंशांवर आले की मासा भुकेला होतो आणि दुपारच्या उबेला पाण्यातून कीटकांचे थवे निघतात. माणसाने त्या कीटकासारखी दिसणारी पिसाची माशी गळाला बांधून पाण्यावर अलगद सोडायची. कपडे मळकट रंगाचे घालायचे. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून आपण मागून, खालच्या अंगाने जायचे. सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. गुडघ्यांवर चालायचे. एवढे करून मासा लागला तर पुष्कळदा तो हळूच सोडून द्यायचा! हे वाचून आमचे शिपाईकाका म्हणाले, “सोडूनच द्याचा आहे त धरता कायले जी?” या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नाही. आयझॅक वॉल्टन नावाच्या लंडनच्या एका दुकानदाराने 1653 साली गळाच्या मासेमारीवर ग्रंथ लिहिला, तो लोक अजून वाचतात. गिऱ्हाईक सोडून ग्रंथ लिहिणारा दुकानदार ज्या देशात होतो, त्या देशात मासे सोडून देणारे लोकही होणारच.

फाल्गुनात एका रविवारी मी प्रयोग केला. कोंबडीचे पीस, नोटांच्या बंडलाचा दोरा, गळ आणि बांबूची काठी. मळकट कपड्यांचा प्रश्न नव्हता. गावाबाहेर एक नाला आहे. पावसाळ्यात तो चुलबंद नदीकडे अंगावर धावून गेल्यासारखा जातो आणि फाल्गुनात जागजागी तुटून त्याचे पाच-सहा डोह तेवढे उरतात. पुस्तकातला वसंत आणि दिघोरीचा वसंत यांतला फरक मला तिथेच कळला. तिकडे वसंतात ओढा भरतो, इकडे वसंतात नाला मरतो. ट्राउटला पाणी वीस अंशांच्या वर गेले की जीव नकोसा होतो. आमच्याकडे चैत्र संपता संपता पारा पंचेचाळिसाकडे बघू लागतो आणि उथळ डबक्यात हात घातला तर कोणीतरी चहाचे आधण ठेवले आहे असे वाटते.

तरी मी शास्त्राप्रमाणे गुडघ्यांवर बसून, सावली सांभाळत, खालच्या अंगाने निघालो. नाल्यावर धुणे धूत असलेल्या एका बाईने विचारले, “काही हरवलं का जी, सायेब?” मी नाही म्हणालो. थोड्या वेळाने तिने दुसऱ्या बाईला हळूच सांगितले की बँकेची चाबी पडली आहे. संध्याकाळपर्यंत शाखेत तीन माणसे चौकशी करून गेली.

डोहाच्या काठी एक म्हातारा धिवर गळ टाकून बसला होता. त्याने माझे पीस दोन बोटांत धरून बराच वेळ पाहिले.

“हे का होय?”

“माशी आहे, बाबा. खोटी.”

“आन मासा?”

“मासा खरा.”

“मंग बरोबर हाय,” तो म्हणाला. “बसा गुपचूप.”

त्या म्हाताऱ्याने मला जे शिकवले ते पुस्तकात नव्हते. मरळ पाण्यात असली तरी हवा प्यायला वर येते. तिचा तो बुडबुडा ओळखायचा. मरळ, मांगूर, शिंगी ही मंडळी वरून श्वास घेणारी, म्हणून आटत्या पाण्यात, नुसत्या चिखलातही ती दिवस काढतात. पावसाळ्यात मरळ पिल्ले घालते तेव्हा पिल्लांचा तांबूस घोळका पाण्याच्या वरच्या अंगाला फिरत असतो आणि आईबाप खाली पहारा करतात. त्या वेळी त्यांना धरू नये, कारण पहारेकरी गेला की पिल्ले दुसऱ्या माशांच्या पोटात. “आमी नाई धरत,” तो म्हणाला, आणि जरा थांबून, “म्हंजे पैले नोतो धरत,” असे त्याने दुरुस्त केले. असा प्रामाणिक खुलासा मी पंचवीस वर्षांत एकाही कर्जाच्या अर्जात वाचलेला नाही.

इथवर सगळे गोड आहे. पण हा लेख भांडणाचा आहे आणि भांडण आता सुरू होते.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा म्हातारा नव्हता. तीन तरुण पोरे होती. त्यांच्याकडे बॅटरी होती, पेटी होती, तारा जोडलेले दोन बांबू होते. त्यांनी बांबू डोहात घातले. कसला आवाज नाही, काही नाही. एक-दोन क्षणांत पाणी पांढरे झाले. पांढरे म्हणजे माशांची पोटे वर आली. मोठी मरळ आली, बोटाएवढी आली, नखाएवढी आली, बेडूक आले, पाण्यातला एक साप आला. मोठे मासे पोरांनी टोपलीत टाकले. नखाएवढे तसेच तरंगत राहिले. एक डोह संपायला मला एक बिडी ओढायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. मग ते दुसऱ्या डोहावर गेले.

त्यातल्या एकाने मला ओळखले. त्याचे आमच्याकडे बचत खाते आहे. “सायेब, घ्या ना,” म्हणून त्याने एक चांगली हातभर मरळ वेलीत ओवून माझ्या हातात दिली. आणि मी ती घेतली. घेतली, घरी नेली, सौ.ने जवसाचे तेल घालून झणझणीत रस्सा केला, आणि मी दोन वेळा भात मागितला. पुढचे सगळे भांडण करण्याआधी हे जमाखर्चात लिहून ठेवतो, नाहीतर ऑडिटात निघेल.

या करंटच्या मासेमारीबद्दल मी शाखेत, चहाच्या टपरीवर आणि पानठेल्यावर बोललो. मला तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळाले : “अहो, डोह तर आटणारच आहे. मासे तसेही मरणारच. मग खाल्ले तर काय बिघडले?” हा युक्तिवाद ऐकायला इतका शहाणा वाटतो की मीही दोन दिवस गप्प होतो. तिसऱ्या दिवशी काउंटरवर एका म्हातारीने मुदत ठेव मोडायला आणली तेव्हा डोक्यात उजेड पडला. सगळे डोह आटत नाहीत. पाच-सहातले एक-दोन ज्येष्ठापर्यंत टिकतात, आणि ज्यात टिकायची कुवत आहे ते मासे त्यातच, किंवा त्याखालच्या चिखलात, जीव धरून बसलेले असतात. आषाढात नाला भरतो तो पाण्याने. माशांनी भरतो तो यांच्यामुळे. वसंतातला डोह म्हणजे नाल्याचे मुद्दल आहे हो! पावसाळाभर जे खातो ते व्याज. बँकेत मुद्दलाला हात लावायचा म्हटला की माणूस दहा वेळा विचार करतो, बायकोला विचारतो, ज्योतिषालासुद्धा विचारतो. आणि नाल्याचे मुद्दल आपण रविवारी सकाळी फुकटात उडवतो.

दुसरे उत्तर : “गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका.” वा! हा गरीब कोण? ज्याच्याकडे गळ आणि जाळे आहे तो म्हातारा गरीब आहे. बॅटरीवाल्यांपैकी एकाकडे मोटारसायकल आहे आणि तिचे कर्ज आमच्याच शाखेचे आहे, हप्ते नियमित आहेत, हे मी सांगायला नको होते. त्या दिवसानंतर म्हाताऱ्याच्या गळाला तीन आठवडे काही लागले नाही. पोटावर पाय आलाच असेल तर तो कोणाच्या पोटावर आला ते पाहा.

तिसरे उत्तर सर्वांत सुशिक्षित. “सरकार मत्स्यबीज सोडतेच की.” सोडते, नाही म्हणत नाही. कटला, रोहू, मृगळ यांचे बीज तलावात सोडतात. आमच्या भागात तलावांना काही तोटा नाही. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी बांधलेले हजारो तलाव या पूर्व विदर्भात आहेत. मालगुजारी गेल्यावर त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणू लागले आणि कागदोपत्री त्याचे ‘मामा तलाव’ झाले. मामाच्या इस्टेटीचे भाचे जे करतात तेच आम्ही त्यांचे केले. गाळ भरला, बेशरम माजली, ते असो. मुद्दा असा की हे कटला-रोहू तलावाच्या साचलेल्या पाण्यात आपण होऊन अंडी घालत नाहीत. त्यांना नदीचा पूर लागतो. 1957 साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन त्यांच्याकडून अंडी घालवून घेतली, म्हणून आज बीज मिळते. फार मोठे काम, शंकाच नाही. पण त्याचा हिशेब असा की बीज दरवर्षी विकत आणायचे, दरवर्षी सोडायचे. म्हणजे पीककर्जासारखे : नवे घ्या, जुने फेडा. उलट आमच्या नाल्यातली मरळ कोणाकडे अर्ज करत नाही, जामीनदार आणत नाही, पाऊस आला की आपली आपण संसार मांडते. बिनभांडवली धंदा कोणी बुडवत असेल तर कॉमर्सच्या माणसाला राग येणारच.

आणि राग येण्याचे खरे कारण वेगळेच आहे. ते पुस्तकाच्या एका तळटीपेमुळे मला शोधायला लागले. ट्राउट हा मासा मुळात भारतात नव्हता. साहेबाला काश्मिरात गळ टाकून बसायची हौस आली, तेव्हा त्याने विलायतेहून ट्राउटची अंडी बोटीने मागवली. 1899 साली पहिली खेप वाटेतच मेली. तो गप्प बसला का? नाही. 1900 साली दुसरी मागवली, आणि ती जगली. आज काश्मिरात तिचे वंशज आहेत. म्हणजे बघा, एका माणसाने नुसत्या हौशीसाठी हजारो मैलांवरून, समुद्र ओलांडून, बर्फात घालून अंडी आणली. आणि आमच्या दारात जो मासा पिढ्यान्‌पिढ्या न बोलावता येतो त्याला आम्ही झटका देतो. त्याच साहेबाने 1897 साली कायदा केला होता : पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष घालून मासे मारले तर दोन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड. तेव्हाच्या कारकुनाला भोवळ यावी अशी रक्कम. त्यात करंटचे नाव नाही. 1897 साली भंडाऱ्याच्या नाल्यावर बॅटरी घेऊन कोण जाणार होते! पुढे 1960 मध्ये राज्याने आपला वेगळा मत्स्यकायदा केला. कायदे आहेत, पण दोनशे रुपयांत आज चांगली मरळ किलोभरही येत नाही, हे मी बाजारात विचारून आलो आहे.

समुद्राला निदान सुटी असते. जून-जुलैत कोकणातल्या यांत्रिक होड्या बंदरात उभ्या राहतात, कारण तो माशांचा अंडी घालण्याचा काळ. विलायतेत ट्राउटलाही हिवाळ्यात रजा मिळते. आमच्या नाल्याला रजा देताना मी तरी कोणाला पाहिले नाही. उन्हाळ्यात करंट, आणि पहिला पाऊस पडला की अंड्यांनी पोट फुगलेले चढणीचे मासे पाटीने उपसायचे. बारमाही ड्यूटी! आमच्या संघटनेने असला अन्याय दोन दिवस चालू दिला नसता. पण मरळींची संघटना नाही.

मी काय मागतो? मासे खाऊ नका असे म्हणत नाही. माझ्या ताटात काय होते ते वर सांगितलेच आहे. होळीपासून पहिल्या पावसापर्यंत जे दोन डोह टिकतात ते सोडा. बाकीचे चार घ्या, गळाने घ्या, जाळ्याने घ्या. आणि आपण पांढरपेशे लोक, जे करंट लावत नाही म्हणून स्वतःला सज्जन समजतो, त्यांनी मरळ घेताना “ताजी आहे का?” यानंतर “कशी धरली?” हा एक प्रश्न विचारावा. मी गेल्या बाजारात विचारला. मासेवाली म्हणाली, “हातानं.” सौ.ने मला कोपराने ढोसून पुढे ढकलले.

म्हातारा चैत्रात पुन्हा दिसला. त्याच डोहावर, तोच गळ. माझे पीस त्याने आपल्या टोपीला खोचले होते. काही लागले का म्हणून विचारले, तर त्याने नुसता तळहात दाखवला.

परवा तो मोटारसायकलवाला पोरगा पैसे काढायला काउंटरवर आला. मी त्याची विथड्रॉवल स्लिप हातात घेतली, कार्डावरची सही पाहिली, स्लिपवरची पाहिली, चष्मा पुसला आणि सही जुळत नाही म्हणून सांगितले. त्याने पुन्हा केली. तीही जुळत नव्हती. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “सायेब, त्या मरळीचं काही मनात ठेवलं का जी?” मी म्हणालो, “नीट सही कर.” चौथ्यांदा जुळली.